बहिऱ्याला फोनवरून कळवण्यात येते की…

…मी! ऐकलंत का? मी! माझ्या नवऱ्याच्या बहिरेपणाचं कारण म्हणजे मी, ओदील त्राहान! सरकारनं लिहून दिलंय, शिक्का मारून! तोफ नव्हे हं! हा माणूस ऐन तारुण्यात वाळवंटातल्या लढाईत तोफेला चिकटून उभा होता, हाताच्या अंतरावर ती सुटायची, पायाखालची वाळू उडायची… त्यानं म्हणे काही झालं नाही. कान कसे ठणठणीत! मग घरी आला, माझ्याशी लग्न केलं, आणि गेले कान! हसा. हसा तुम्ही. गंबोचा रस्सा शिजायला अजून वेळ आहे, तोवर हसून घ्या.

अहो, झालं काय, की तो कानाचा डॉक्टर विचारतो, "सैन्य सोडल्यावर कधी मोठ्या आवाजात राहिलात का?" आणि आमचा अल्सीद… जो माणूस जन्मात विनोद करत नाही, लग्नात पाद्रीसुद्धा हसला पण हा हसला नाही… त्याला नेमकी तिथेच लहर आली. म्हणतो, "बायको आहे." झालं! त्या मेल्यानं वर न बघता लिहून टाकलं. "घरगुती आवाजाशी दीर्घकाळ संपर्क." मी सरकारी कचेरीत फोन करून म्हटलं, अहो, ती थट्टा होती! तर तिकडून काय उत्तर? अगदी मधात बुडवलेला आवाज, "असेल हो मॅडम, थट्टा असेलही… पण त्याला पुरावा काय?"

पुरावा काय! वर्षभर हेच ऐकतेय मी. आता झोपेतसुद्धा दचकून उठते आणि म्हणते, पुरावा काय!

तुम्हाला सांगते, आम्हाला ह्या भरपाईच्या अर्जात पडायचंच नव्हतं. अल्सीद लढाईवरून आला तो थेट कोळंबीच्या बोटीवर चढला. लढाईत मोडलेल्या त्या पाठीनं जाळी ओढली त्यानं. सकाळी उठला की आधी भिंत धरायची, मग पलंगाची दांडी, मग मला. मोजे मी घालायचे. आजही मीच घालते. मी किती वेळा म्हटलं, "अरे, ही पाठ तिकडचीच ना? माग की सरकारकडे भरपाई! हक्काचं आहे!" तर ठरलेलं उत्तर. "ते पाय गेलेल्यांसाठी असतं, ओदील." बस. विषय बंद. पाठ कशी मोडली म्हटलं तर, "घसरलो." कुठे घसरलास? "तिकडे." आता ह्या माणसाकडून कोण काय काढणार!

पण गेल्या वर्षी, मार्डी ग्राच्या सणाआधीच्या आठवड्यात… हे मात्र हसण्यासारखं नाही. आमची नात सेलेस्त, तीनचाकी सायकल घेऊन अंगणात. हा पिकअप मागे घेतोय. ती मागून ओरडली. मी ओसरीवरून ओरडले… आणि माझा आवाज, सरकार म्हणतं, तोफेच्या तोलाचा आहे!… त्याला ढिम्म ऐकू गेलं नाही. गाडी आपली मागे मागे. माझ्या मांडीवर सोललेल्या कोळंबीचं घमेलं होतं, ते उचललं आणि फेकलं समोरच्या काचेवर. काच तडकली, कोळंबी सगळीकडे, तेव्हा कुठे ब्रेक लागला. पोर वाचली. सायकलचं मागचं एक चाक मात्र गाडीखाली चपटं झालेलं. अल्सीद उतरला, त्यानं चाक पाहिलं, पोरीला पाहिलं, आणि तिथेच मातीत बसला, कोळंबीच्या सड्यात. कितीतरी वेळ. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तो अर्ज कुठे मिळतो बघ."

त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही त्यानं.

तर मी लावला फोन. त्या कचेरीचं नाव नाही घेत, उगाच आणखी एक कागद मागतील! अर्धा तास पेटीवादन ऐकवलं, मग एक मुलगी आली. "अर्जदाराशीच बोलावं लागेल, मॅडम." मी म्हटलं, "बाई गं, अर्जदार बहिरा आहे." "हो मॅडम, पण ऐकू येत नाही हे त्यांनी स्वतः सांगायला हवं." म्हटलं, बरं! दिला फोन त्याच्या हातात. आता हा फोनवर कसा बोलतो माहितीये ना? पलीकडच्या गावाला थेट ऐकू जाईल असा. "हॅलो! काय? कोण? वॉल्टर?" ती विचारतेय, आपल्याला ऐकण्याचा काही त्रास? आणि हा, "नाही! नाही! वॉल्टर इथे राहत नाही!" फोन ठेवून दिला. आणि तिनं काय लिहावं? "अर्जदारानं ऐकण्याचा त्रास नसल्याचं सांगितलं." आता बोला!

मग म्हणे सैन्यातली वैद्यकीय नोंद आणा. मागवली. आली बाई एकदाची. मी चष्मा लावून पहिल्या पानापासून बघतेय… पाठ कुठे आहे? कान कुठे आहेत? काही नाही! सापडलं काय? दात! "उजवीकडील दाढ दुखते." एवढं एकच दुखणं त्या माणसाला सैन्यात! मी म्हटलं, अल्सीद, पाठ मोडली तेव्हा डॉक्टरकडे गेला नव्हतास? म्हणाला, "गेलो होतो ना. तंबूत एक होता. त्यानं दोन गोळ्या दिल्या. म्हणाला, भरपूर पाणी पी आणि मोजे बदल." मोजे बदल! पाठीचा मणका दबलाय आणि मोजे बदल! तो मोजे बदलून गेला, आणि त्या दिवसापासून मोजे मी बदलतेय!

आणि लिहिलं का त्या तंबूवाल्यानं कुठे? छे. गोळ्यांचा पुरावा नाही. पाण्याचा पुरावा नाही. मोज्यांचा तर नाहीच नाही!

मग तपासणी. न्यू ऑर्लिन्सला बोलावलं. मी गाडी चालवली, हा शेजारी ताठ बसलेला, इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश केलेले… अहो, जणू पदक द्यायला बोलावलंय! मला बाहेर बसवलं. आत काय झालं ते मला नंतर कळलं, अहवाल वाचून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसे आहात, सर?" आणि ह्यानं खाडकन सांगितलं, "एकदम मस्त, मॅडम!" लिहिलं त्यांनी. "कसलीही तक्रार नाही." मग म्हणाल्या, वाका. आता तुम्ही सैनिकाला वाका म्हणाल तर तो काय करेल? वाकला! पार जमिनीला हात लावून दाखवले! लिहिलं, "पाठ उत्तम वाकते." आणि वर कसा आला? नाहीच आला! तो तसाच राहिला, घडी घातलेल्या खुर्चीसारखा. मला आत बोलवून घेतलं, मी आणि तिथली परिचारिका, दोघींनी मिळून उलगडला त्याला. मी म्हटलं, "अहो डॉक्टरीणबाई, हे लिहा ना!" त्या बिचाऱ्या कागद उलटसुलट करून बघताहेत. "वाकण्याचा रकाना आहे, मॅडम. वर येण्याचा नाहीये."

परत येताना मी गाडीत काय काय बोलले ते सांगत नाही. सगळं ऐकून घेतलं त्यानं. म्हणजे… ऐकलं नाहीच. पण मान हलवत होता.

आणि मग आला निकाल. पाठ? नामंजूर. घटनेचा पुरावा नाही. कान? नामंजूर. कारण? मी!

त्या दिवशी मी सगळे कागद पिशवीत कोंबले आणि गेले मिस ओझेनकडे. तुम्ही ओळखता तिला, ह्याच हॉलमध्ये मंगळवारी बसते, एकेकाळी नौदलाच्या स्वयंपाकघरात होती, आता लोकांचे असले अर्ज भरून देते. तिनं ती पिशवी टेबलावर उलटी केली, दोन-चार कागद वाचले आणि अल्सीदकडे बघून अशी खेकसली… "काय रे ए, एकदम मस्त? खोटं बोल असं मी कुणाला सांगत नाही, पण निदान खरं तरी बोलशील की नाही?" हा खाली मान घालून उभा. "आणि 'घसरलो' म्हणजे काय? केळ्याच्या सालावरून घसरलास की छपरावरून? कोण होतं तिथे? ज्यानं डोळ्यांनी पाहिलं असा एक माणूस आण, तो शपथेवर लिहून देईल. जा!"

कोण होतं तिथे? मी खोदखोद खोदलं तेव्हा एक नाव निघालं. वेंडेल पिकेट. आणि ते नाव काढल्याबरोबर ह्याचं तोंड असं झालं, कडू काकडी चावल्यासारखं. "त्याला नाही विचारायचं."

का? तर ऐका आता. हा वेंडेल म्हणजे ह्याच्याच तोफेवरचा, जिवाभावाचा, दर नाताळला फोन करणारा. आमच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा अल्सीदनं त्याला फोन केला, लग्नाला ये म्हणून. तो आलाच नाही! त्यानंतर फोन नाही, काही नाही. तेव्हापासून अबोला. "मी स्वतः बोलावलं, ओदील. माझ्या तोंडानं. आणि तो आला नाही."

मी म्हटलं, तू राहा रुसून. वेंडेलची बहीण मेव्हिस आर्कान्सामध्ये त्याच्याचकडे राहते, तिला मी फोन लावला. आता कुठे, तुम्हाला सांगते, ज्यांचे कान जागेवर आहेत अशी दोन माणसं ह्या प्रकरणात पहिल्यांदा बोलली! मी म्हटलं, का हो आला नव्हता तुमचा भाऊ आमच्या लेकीच्या लग्नाला? तर ती उलट माझ्यावरच! "आला नव्हता? तुमच्याच नवऱ्यानं नको म्हणून सांगितलं ना! दोनदा! माझा भाऊ नवा कोट शिवून बसला होता, रडायचा बाकी होता!" मी म्हटलं, थांबा हं. फोन खाली ठेवला, अंगणात गेले, ह्याच्या कानाशी तोंड नेलं, "अल्सीद, त्या दिवशी तू नेमकं काय म्हणाला होतास?" हा म्हणतो, "म्हणालो, लग्नाला यायचं! नको-बिको म्हणू नको!"

कळलं का? वेंडेलला फक्त दोन नको ऐकू आले! तोही त्याच तोफेवरचा ना! एक बहिरा बोलावतोय, दुसरा बहिरा ऐकतोय, आणि वर्षानुवर्षं दोघं रुसून बसलेत, हा इथे बायूच्या दलदलीकाठी आणि तो तिकडे डोंगरात!

पुढच्याच शनिवारी वेंडेलचा ट्रक दारात. हा एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी, लग्नासाठी शिवलेला तोच कोट घातलेला, बटणं कसली लागताहेत! तो फाटकापाशी उभा, हा पायरीवर उभा. मला वाटलं, आता मारामारी होते की काय. मग वेंडेल ओरडला, "लग्न झालं का रे?" आणि अल्सीद ओरडला, "दोन पोरं आहेत तिला! तुला उशीर झाला!" आणि मग जे काय एकमेकांना भेटले…

बसवलं ओसरीवर. मी तळलेला मासा आणि मक्याचा पाव समोर ठेवला. आणि ते बोलायला लागले. बोलायला कसले, आरडायला! एका टेबलाशी समोरासमोर बसलेत आणि दोन डोंगरांवरून हाका मारल्यासारखे बोलताहेत. शेजारी बाहेर आले. पलीकडच्या गल्लीतले आले. कुणीतरी खुर्च्याच आणल्या घरून. आणि त्या सगळ्यांदेखत वेंडेल ओरडून विचारतो, "वहिनी! ह्याची पाठ कशी गेली ते लिहून द्यायचंय ना? ह्यानं काय सांगितलंय?" मी तितक्याच जोरात, "घसरला म्हणतो!"

वेंडेलनं घास खाली ठेवला. अल्सीदकडे बघितलं. "घसरला?" मग माझ्याकडे बघून म्हणाला… ओरडूनच, त्याला दुसरं येतच नाही… "वहिनी, तोफगोळ्यांनी भरलेला ट्रक होता. आम्ही उतरवत होतो. एकेक गोळा धान्याच्या पोत्याएवढा जड. चाक वाळूत खचलं, ट्रक कलला, आणि सगळी रास सरकली. मी खाली होतो. हा पळू शकला असता. हा पळाला नाही. पाठ लावून उभा राहिला राशीला. मला पायाला धरून बाहेर ओढेपर्यंत उभा होता. मी बाहेर आलो, तेव्हा घसरला!"

मी तिथेच उभी, हाताला पीठ.

आणि माझं काय झालं म्हणता? डोळ्यांत पाणी आलं असेल ना? संताप आला मला! इतकी वर्षं त्या पाठीला मी तेल चोळतेय, शेक देतेय, आणि मला वाटतंय हा कुठेतरी ओल्या फरशीवरून पडला असेल! मी म्हटलं, "अल्सीद त्राहान, हे तू मला एकदाही का सांगितलं नाहीस?" आता हे त्याला बरोबर ऐकू गेलं. हळू म्हणाला. त्या दिवसातलं तेवढंच एक वाक्य हळू. "आमच्यातला डेल्बर्ट राशीच्या दुसऱ्या बाजूला होता. त्याच्या बाजूला मला पोचता आलं नाही. त्याचा पाय गेला, ओदील. मग मी काय पाठ दुखते म्हणून सांगत फिरू?"

वेंडेलला ते ऐकू गेलं नव्हतं. मी त्याच्यासाठी मोठ्यानं सांगितलं. तो असा तडकला! "डेल्बर्ट? डेल्बर्टनं कधीच अर्ज केला! मंजूर झाला! लाकडी पाय लावून मासेमारीच्या गळांचं दुकान चालवतो तो, आणि गिऱ्हाइकांना सांगत असतो की त्या वेड्या अल्सीदनं पाठीवर डोंगर घेतला आणि मेल्यानं अर्जसुद्धा केला नसेल! शिव्या घालतो तुला, शिव्या!"

अल्सीदनं माशाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "डेल्बर्ट शिव्या घालतो?" असा चेहरा उजळला त्याचा, तुम्हाला काय सांगू! शिव्या ऐकून इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नाही.

वेंडेलनं लिहून दिलं. डेल्बर्टनंही दिलं, शिव्या मिस ओझेननं गाळल्या. मी माझं लिहिलं, मोज्यांचं, सेलेस्तचं, घमेल्याचं… आणि वर ठसक्यात लिहिलं की सदर घरगुती आवाज मी स्वतः असून, लग्नाआधीचा पुरावा पाहिजे असल्यास घ्या, तेव्हाच ह्याला ऐकू येत नव्हतं, नाहीतर ह्यानं मागणी घातली तेव्हा मी 'हो' म्हटल्यावरही ह्यानं तीनदा 'काय?' असं का विचारलं असतं? कचेरीतल्या त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, मागणी घातल्याचा पुरावा…" मी फोन ठेवून दिला. काही गोष्टी जाऊ द्याव्यात माणसानं.

पुन्हा तपासणी. ह्या खेपेला मी बजावून नेलं होतं, 'मस्त' हा शब्द तोंडातून निघाला तर मोजे तुझे तू घाल! आणि आत जाऊन बसलेच मी, कोण अडवतंय बघू. त्याच डॉक्टरीणबाई. "कसे आहात, सर?" ह्यानं माझ्याकडे बघितलं. घाम फुटला होता हो त्याला! तोफेसमोर फुटला नसेल. शेवटी म्हणाला, "बरा नाहीये, मॅडम… माफ करा."

माफ करा म्हणाला! मला हसावं की रडावं कळेना. मग त्या म्हणाल्या, वाका. तो वाकायला लागला, आणि गुडघ्याच्या वरच थांबला. दात आवळलेले. म्हणाला, "इथपर्यंतच." त्या म्हणाल्या, "ठीक आहे, सर. इथपर्यंतच." आणि लिहिलं. एवढंच. इतकी वर्षं त्याला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं… ठीक आहे, इथपर्यंतच.

येताना गाडीत त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाला, "ओदील, ह्या पाठीबद्दल मी आतापर्यंत खोटंच बोलत होतो वाटतं." मी म्हटलं, "आणि मला शिक्का बसला घरगुती आवाजाचा!" ऐकू आलं नाही त्याला. किंवा आलं असेल. काचेबाहेर बघून हसत होता.

मंजूर झालं हो. पाठ मंजूर, कानसुद्धा मंजूर. आणि हे कळवलं कसं? फोनवरून! त्याला! मी अंगणात कपडे वाळत घालत होते, आतून ओरडणं ऐकू आलं, "काय? नको! नको! आम्हाला काही घ्यायचं नाही!" आणि आपटला फोन. मी म्हटलं, कोण होतं? म्हणाला, "कुणीतरी काहीतरी फुकट देतोय. लुच्चे लोक!" पुढे कागद आला म्हणून कळलं, नाहीतर आम्ही अजून वाट बघत बसलो असतो.

आता तुम्ही म्हणाल, सुटलीस एकदाची! मीही तेच म्हटलं. पिशवी धुतली, वाळत घातली. आणि काल सकाळी दारात ट्रक. वेंडेल! हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात कागद. म्हणतो, "वहिनी, मी कधी अर्जच केला नव्हता. मला वाटायचं, ते अल्सीदसारख्यांसाठी असतं."

काय करणार? कॉफी ठेवली, चष्मा लावला, आणि म्हटलं, "वेंडेल, बस. पहिल्यापासून सांग… आणि हे बघ, ओरडू नकोस, आता मलासुद्धा कमी ऐकू यायला लागलंय."